प्रति: ध्वनिलिपी फक्त तज्ज्ञांसाठीच?

ध्वनिलिपी, म्हणजे कुठल्याही भाषेतल्या प्रत्येक ध्वनीला ठरावीक चिन्ह देऊन उच्चार लिहून दाखवणारी लिपी, ‘तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठीच काढली’ हे या चर्चेत वर आलेलं मत पटलं नाही. ती काढणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटना १८८६ मध्ये पॅरिसला सुरू झाली ती पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षकांमुळे. पोरांना परक्या भाषेचे उच्चार नीट शिकवता यावेत म्हणून.

या चर्चेत अजून न आलेली गंमत म्हणजे संघटनेचं मुखपत्र ‘ल मेत्र फोनेतिक’ कित्येक दशकं ध्वनिलिपीतच छापलं जायचं. लेख फ्रेंच असो की इंग्रजी, उच्चारावा तसाच कागदावर. वाचणाऱ्यांचे हाल होत असणार (माझे तर दोन पानांतच झाले!), पण त्या काळचे उच्चार त्यात आयतेच नोंदले गेले. १९७१ पासून नाव बदललं, नेहमीचं लेखन आलं. मला तो तोटाच वाटतो.