से कॅथेड्रलचा पडलेला मनोरा पुन्हा बांधावा का?

मांडवीकाठ
परवा पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्यात गेलो होतो. से कॅथेड्रलसमोर उभी राहून भाची म्हणाली, "मामा, हे अर्धवटच राहिलं का?" तिला सांगितलं, दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये कोसळला. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. १५६२ मध्ये सुरू झालेलं काम, आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. नव्वद वर्षं खपून उभारलेली वास्तू गेली अडीचशे वर्षं एका बाजूने उघडी आहे. माझं मत स्पष्ट आहे, मनोरा बांधावा. जोडीचा उभा आहे, मापं त्याच्यावरून घेता येतील.

चिरेखाण
अजिबात पटलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या जांभ्याचं काम आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, पण पाणी पितच राहतो. वर चुन्याचा गिलावा हवाच. समोरच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा गेल्या शतकात काढला, आता भिंतींना पाऊस थेट लागतो. बोट फिरवलं तर लाल भुकटी हाताला येते. हाताशी असलेलं आधी सांभाळा. जुन्या पायावर नवा भार टाकायचा म्हणजे उभ्या दर्शनी भिंतीशी खेळ आहे.

फेरीबोट
मग व्हाइसरॉयच्या कमानीचं काय? दिवाडी बेटाच्या फेरीबोटीला जाताना रोज तिच्याखालून जातो. ती १९५४ मध्ये नव्याने बांधलेली आहे, आणि कुणालाही ती खोटी वाटत नाही. पडझडच बघायची असेल तर टेकडीवर संत ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा अर्धा मनोरा आहे की! से ही चालती प्रार्थनेची जागा आहे, तिला भग्नावशेष करू नका.

चिरेखाण
कमान सुटी उभी आहे, भाऊ. इथे मनोरा चर्चच्या अंगाला चिकटलेला होता. दोन्हींची तुलना होत नाही.

दीपमाळ
तुम्ही दोघेही दगडाचंच बोलताय. उरलेल्या मनोऱ्यात सुवर्णघंटा आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीर शिक्षांच्या वेळी ती वाजायची असं सांगतात. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर इतका काळ ते न्यायासन गोव्यात चाललं. त्याचा वाडा याच परिसरात होता, आज तिथे काही उरलेलं नाही. पैसा खर्चायचाच तर तिथे शिक्षा भोगलेल्या माणसांसाठी एक ठळक फलक आधी लावा. आमच्या कुळाचा देव त्याच काळात नदीपलीकडे न्यावा लागला, मला हे अजून बोचतं.

मांडवीकाठ
फलक हवाच, त्यात वाद नाही. गिलाव्याचं म्हणणंही मान्य, आधी ते करा. पण मनोऱ्यावरून मी मागे हटत नाही. आम्ही लहानपणी २५ नोव्हेंबरला, संत कॅथरिनच्या फेस्ताला इथे यायचो. याच दिवशी १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला, म्हणून हे चर्च तिच्या नावाचं. आजी त्या रिकाम्या बाजूकडे बघून क्रूस करायची.

चिरेखाण
तुमची आजी रिकाम्या बाजूकडे बघून क्रूस करायची, आणि तीच बाजू तुम्हाला भरून टाकायची आहे?