मदत हवी आहे: स्टेंट पुन्हा भरतोय, आतून रेडिएशन देतात का?

कृष्णाकाठची:
आम्ही सांगलीचे. बाबांना ६८ वर्षं, शुगर जुनी. हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत, म्हणजे एलएडीत, २०१९ ला स्टेंट बसवला. तो भरला म्हणून २०२२ ला त्याच्यातच दुसरा. रोज आयर्विन पुलावरून सांगलवाडीपर्यंत चालणारा माणूस आता अर्ध्या पुलावरच कठडा धरून उभा राहतो. परवाच्या अँजिओत ब्लॉक पुन्हा त्याच जागी. डॉक्टर म्हणतात तिसरा स्टेंट नको, बायपासचं बघा. बाबा बायपासचं नाव काढू देत नाहीत. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे धमनीच्या आतून शेक देतात. शेक तर कॅन्सरला ना? कुणाला माहिती आहे का?

मिरजकर:
ताई, भाऊ बरोबर सांगतोय. ब्रॅकिथेरपी. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ करतात तिथे, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

आधी बलूनने जागा मोकळी करतात. मग कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी पदार्थाच्या बारीक बियांची माळ तिथे नेतात, काही मिनिटं ठेवतात आणि काढून घेतात. अंगात काही राहत नाही. किरण जेमतेम काही मिलिमीटर जातात, पण स्टेंटच्या जाळीतून आत वाढणाऱ्या पेशींना तेवढे पुरतात. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, तेव्हा फार गाजावाजा होता. २००३ ला तिथे औषधाचे स्टेंट आले आणि हे मागे पडलं. आता तिकडेही मोजक्या ठिकाणी, बहुतेक स्टेंटचे दोन-तीन थर झालेल्यांनाच देतात. किरणोत्सारी माल, रेडिएशनचे डॉक्टर, फिजिसिस्ट, आपल्याकडे वर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी, एवढं सगळं लागतं. त्यामुळे सांगली-मिरजेत दवाखाने पालथे घालू नका. शिवाय शेकाने आतली जखम उशिरा भरते, गुठळीची भीती राहते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या लांबवाव्या लागतात.

मला शंका वेगळीच आहे. आधीचे स्टेंट पूर्ण उघडले होते का? आयव्हीयूएस (धमनीच्या आतून सोनोग्राफी) किंवा ओसीटीने (प्रकाशाने चित्र) आतून बघितलं का, हे विचारा. स्टेंटच्या बाहेर कॅल्शियम साचलेलं असेल आणि स्टेंट दबलेला असेल, तर शेक द्या नाहीतर औषध, पुन्हा भरणार. आधी तो उघडावा लागतो. मग औषध लावलेल्या बलूनचा पर्याय आहे, भारतात मिळतो, धातूचा नवा थर पडत नाही. आणि काहीही ठरेपर्यंत चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

हळदवाला:
बलूनचं विचाराच, पण शुगर आणि तीही एलएडी म्हटल्यावर बायपास एवढ्यात उडवून लावू नका. छातीच्या आतली धमनी जोडतात, ती वर्षानुवर्षं टिकते. बाबांना सर्जनसमोर एकदा बसवा. घरच्यांनी सांगून आमचे सासरे ऐकत नव्हते.

कृष्णाकाठची:
दोघांचे आभार. फाइलमध्ये आयव्हीयूएस कुठेच दिसत नाही. सोमवारी वेळ घेतली आहे. रिपोर्ट नेले की झालं ना?

मिरजकर:
नुसत्या रिपोर्टवर काही कळत नाही. तिन्ही वेळच्या अँजिओच्या सीडी न्या. जुन्या नसतील तर जिथे केलं तिथे आत्ताच अर्ज टाका, आणि स्टेंटच्या डब्यावरचे स्टिकर फाइलला चिकटवलेले असतात, तेही न्या. साइज त्यावर असते.