प्रॉस्पेक्ट म्हणजे होतकरू की उमेदवार? बेसबॉलसाठी मराठी शब्द हवेत

इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाच्या २००८ च्या हंगामावर लेख लिहायला घेतलाय. घटना पाठ आहेत, कारण तो उन्हाळा माझे बाबा आमच्याकडे होते आणि जेवणं आटोपली की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. अडलंय ते शब्दांपाशी. सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून वेळ मारून नेता येते, पण मग वाक्यात मराठी म्हणून नुसतं ‘आहे’ आणि ‘होता’ उरतं. बाबांना मी तेव्हा हे सगळं मराठीतच सांगितलं होतं, आणि त्यांना ते कळलंही होतं. मग लिहिताना का जमू नये?

प्रसंग असा. ब्रूअर्सची फलंदाजी जोरात होती, पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारे) मात्र कमी पडत होते. योवानी गयार्डो हा संघानं स्वतःच घडवलेला २२ वर्षांचा पिचर. १ मे रोजी शिकागो कब्सविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. एकटा बेन शीट्स किती ओढणार? १९८२ नंतर, म्हणजे तब्बल २६ वर्षं, हा संघ एकदाही प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, पोचलेला नव्हता. अशात ७ जुलैला त्यांनी क्लीव्हलंडकडून सीसी सबाथिया हा डावखुरा, धिप्पाड पिचर आणला. त्याचा करार त्याच वर्षाअखेरीस संपणार होता. बदल्यात दिली चार माणसं: मॅट लापोर्टा, झॅक जॅक्सन, रॉब ब्रायसन आणि एक असा खेळाडू ज्याचं नाव पुढे ठरायचं होतं. यातला लापोर्टा म्हणजे आदल्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) सातव्या क्रमांकावर उचललेला फलंदाज, ज्याच्यावर सगळ्यांची मदार होती.

मला शब्द हवेत ते पिचर, प्रॉस्पेक्ट (पुढे चमकेल असं वाटणारा, पण मोठ्या संघात अजून न उतरलेला खेळाडू), रोटेशन (पिचरांचा ठरलेला क्रम) आणि रेंटल (सबाथियासारखा, करार संपत आलेला म्हणून हंगामापुरताच आणलेला) यांना. आणि त्या नाव न ठरलेल्या चौथ्या माणसाला. सगळ्यात जास्त अडवलंय प्रॉस्पेक्टनं. ‘नवोदित’ लिहिलं तर तो नुकताच मैदानात उतरलाय असा अर्थ होतो, आणि हा तर अजून उतरायचाय. ‘उदयोन्मुख’ हा सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेतला शब्द वाटतो. ‘होतकरू’ आवडतो, पण तो पुरतो का, हे विचारायचंय.

* * *

ताई, पिचरला खुशाल ‘गोलंदाज’ म्हणा. हा शब्द क्रिकेटचा नाहीच मुळी. फारसीतून आलेला आहे. त्यातला ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तिरंदाज तीर सोडतो, गोलंदाज गोळा फेकतो. पेशवाईत तोफखान्यावरच्या माणसाला गोलंदाज म्हणत. क्रिकेटनं तो नंतर उसना घेतला, आणि खरं पाहता चुकीच्या जागी बसवला, कारण क्रिकेटमध्ये वाकवलेलं कोपर झटक्यानं सरळ करत फेकलं की नोबॉल! शब्दाच्या मुळाशी जाऊन बघितलं तर खरा गोलंदाज तुमचा सबाथियाच.

* * *

काकांची व्युत्पत्ती पटली, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं तेही बघायला हवं. ‘गोलंदाज’ वाचलं की मला रन-अप दिसतो, टप्पा दिसतो, षटक दिसतं. इथे यातलं काहीच नाही. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पाच खात नाही. ‘अचूक दिशा आणि टप्पा’ हे आपलं ठरलेलं वाक्य पिचरला लावता येत नाही, त्याला नुसती जागा साधायची असते.

‘फेक’ हा धातू घ्यावा का? गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक आहेतच. त्याच २००८ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सनं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांना करारबद्ध केलं. भारतात पिचर शोधायला घेतलेल्या स्पर्धेतून निवडलेली ही पोरं क्रिकेटचे गोलंदाज नव्हती, भालाफेक करणारी होती! म्हणजे शोधणाऱ्यांना हवी होती ती फेक. अडचण एवढीच की ‘फेकणारा’ म्हटलं की मराठीत थापाड्या डोळ्यांसमोर येतो.

* * *

दोघांचे आभार. मी ‘पिचर’च ठेवतेय. बॅट, विकेट, गोल हे आपण घेतलेच की. गोलंदाजाची कुळकथा मात्र लेखात नक्की घालणार.

रोटेशनसाठी शब्द मिळालाय, आणि तो शोधावा लागला नाही, बाबांनीच दिला होता. मी विसरून बसले होते, काल लिहिता लिहिता आठवला. बाबा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “काल जो टाकत होता तो आज का नाही? चांगला तर होता.” मी सांगितलं की सुरुवात करणारे पाच जण असतात, एकानं टाकलं की त्याला चार दिवस विश्रांती, पाचव्या दिवशी पुन्हा तो. बाबा लगेच म्हणाले, “म्हणजे पाळी हाय.” पाटाच्या पाण्याची असते तशी. आज ह्या चारीला पाणी, उद्या त्या, आणि आपला नंबर आल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी पहिला प्रश्न एकच: “आज पाळी कुणाची?”

‘आवर्तन’ हा सरकारी शब्दही याच अर्थाचा, आणि अर्थानं बिनचूक. पण मला तो कोरडा वाटतो. ‘पाळी’त वाट बघणं आहे.

सप्टेंबरात ब्रूअर्स घसरायला लागले. प्लेऑफ हातचं जातंय हे दिसल्यावर सबाथिया चारऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर टाकायला लागला, लागोपाठ तीनदा. तिसऱ्यांदा, २८ सप्टेंबरला, हंगामाचा शेवटचा दिवस होता. घरच्या मैदानावर कब्सविरुद्ध सामना, सातव्या डावाअखेर १-१. हा गडी उतरलाय तो उतरलाय, बाहेर यायचं नाव नाही. मी बाबांना म्हटलं, याचा खांदा जाईल, पुढच्या करारावर पाणी पडेल. बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, “पीक जळाया लागलं की पाळी मोडावी लागती. मी मोडलीय.” आठव्या डावात रायन ब्रॉननं दोन धावांचा होमर (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला, सबाथियानं नववा, शेवटचा डावही स्वतःच टाकला आणि ३-१ नं जिंकून दिलं. त्याच दिवशी प्लेऑफच्या त्याच जागेसाठी झगडणारे न्यूयॉर्क मेट्स हरले आणि २६ वर्षांनी मिलवॉकीत प्लेऑफ आलं. सतरा सामन्यांत ११ विजय, २ पराभव, नऊ डावांमागे सरासरी १.६५ धावा, आणि त्यांतले सात सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं टाकलेले.

‘पाळी मोडणं’ हा वाक्प्रचार बेसबॉलसाठीच घडवल्यासारखा आहे. तुमच्याकडेही असंच म्हणतात का?

* * *

इंदापूर भागात आम्हीही पाळीच म्हणतो. “पाळी चुकली” म्हणजे आपला नंबर हुकला, आणि “पाळी मोडली” म्हणजे कुणाला तरी मध्येच पाणी दिलं. दुसऱ्यावरून भांडणं होतात. तुमच्या वडिलांनी हा शब्द बरोब्बर जागी वापरला. त्यांना नमस्कार सांगा.

* * *

प्रॉस्पेक्टविषयी. ‘होतकरू’ म्हणायला त्या मुलात काहीतरी दिसावं लागतं, बाळाचे पाय पाळण्यात दिसावेत तसं. पण दरवेळी दिसतंच असं नाही. १९८७ चं उदाहरण घ्या. डेट्रॉइट टायगर्सना अशीच पिचरची निकड होती. १२ ऑगस्टला त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा मुरलेला पिचर घेतला. (व्हेटरनला ‘मुरलेला’ हा शब्द तुम्हाला देऊन टाकतो, लोणच्यासकट.) बदल्यात गेला जॉन स्मोल्ट्झ, वय २०, मिशिगनचाच मुलगा. अलेक्झांडरच्या नावावर नऊ विजय लागले, पराभव एकही नाही, टायगर्स गटात पहिले आले, आणि पुढच्याच फेरीत मिनेसोटाकडून हरले. स्मोल्ट्झ अटलांटाकडून २१० सामने जिंकला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण ज्या उन्हाळ्यात त्याला दिला, तेव्हा दुय्यम लीगमधला (मोठ्या लीगखालच्या, शिकणाऱ्यांच्या संघांतला) त्याचा हिशेब होता ४ विजय, १० पराभव. त्या आकड्यांकडे बघून त्याला होतकरू कोण म्हणेल?

म्हणून मी ‘उमेदवार’ सुचवतो. निवडणुकीतला नव्हे, जुना. ‘वकिलाकडे दोन वर्षं उमेदवारी केली’ यातला. कारखान्यात आजही ‘शिकाऊ उमेदवार’ असतात. उमेद बाळगून, कमी पैशांत, दुसऱ्याच्या हाताखाली शिकणारा तो उमेदवार. दुय्यम लीगमध्ये चार पायऱ्या चढत बसमधून गावोगाव फिरणाऱ्या पोरांना याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

* * *

हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘उमेदवारी’ मी घेतलीच असं समजा, त्या चार पायऱ्यांसाठी. पण नामाला अडचण येते. “ब्रूअर्सनी चार उमेदवार दिले” असं लिहिलं तर नव्वद टक्के वाचकांना विधानसभा आठवेल. तेव्हा दोन्ही वापरते: मुलगा होतकरू, आणि तो करतो ती उमेदवारी. ‘होतकरू’बद्दलचा तुमचा आक्षेप मात्र मला पुरता पटला नाही. ‘होतकरू’ म्हणजे झालेला नव्हे, होऊ शकेल असा. स्मोल्ट्झच्या हातातला वेग अटलांटाला दिसलाच असणार, म्हणून तर त्यांनी त्याला मागून घेतलं. ४-१० हे उमेदवारीतलं अपयश आहे, होतकरूपण त्याच्याही खालचं.

लापोर्टाचं उलट झालं. सगळ्यांनी होतकरू म्हटलं, खूण दिसत होती, आणि मोठ्या लीगमधला त्याचा खेळ २०१२ मध्ये संपला. मला त्याचं वाईट वाटतं. कुणाच्या तरी निकडीपायी तो बदल्यात दिला गेला आणि मग आयुष्यभर त्या सौद्याच्या तराजूत तोलला गेला.

* * *

आमच्या सिंधुदुर्गात भाताचं रोप आधी एका तुकड्यात दाट पेरतात, त्याला तरवा म्हणतात. मग उपटून मोठ्या कुणग्यात लावणी. १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रांच रिकींनी छोटे संघ पोसून तिथे खेळाडू वाढवायची जी पद्धत रुळवली, तिला अमेरिकेत शेतीवरूनच ‘फार्म सिस्टिम’ असं नाव पडलंय. ‘तरवा’ चालेल का बघा. दुसऱ्याचा तरवा आणून लावला तर तो आपल्या मातीत धरेलच असं नाही, हेही त्यात आलं.

* * *

तरवा! मला तर फारच आवडला. घाटावरच्यांसाठी एका वाक्यात अर्थ द्यावा लागेल, तो देईन.

रेंटलला ‘भाड्याचा’ किंवा ‘भाडोत्री’ लिहिणार नाही, त्यात अपमान आहे. सबाथियानं ज्या जिवानं टाकलं त्याला तो शब्द शोभत नाही. माझ्या मनात ‘हंगामी’ आहे. हंगामापुरता, आणि तात्पुरता, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. त्याच सप्टेंबरात ब्रूअर्सनी मॅनेजर नेड योस्टना काढून डेल स्वेमना नेमलं, तेही हंगामीच. हंगामी पिचर, हंगामी मॅनेजर, आणि २ ऑक्टोबरला प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाच्या शेन व्हिक्टोरिनोनं तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला, एका फटक्यात चार धावांचा होमर. पुन्हा तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरलेला सबाथिया चौथ्या डावात मान खाली घालून बाहेर पडला. मालिका ३-१ नं गेली. डिसेंबरात त्यानं यांकीजशी सात वर्षांचा करार केला. बाबा तोवर गावी परतले होते, फोनवर मी सांगितलं तर म्हणाले, “जाऊ दे, त्यानं भिजवून दिलं.”

आता राहिला चौथा माणूस. ‘मागाहून नाव ठरणारा खेळाडू’ हे शब्दशः बरोबर आहे, पण लेखात चार वेळा येतं आणि चारही वेळा जीभ अडखळते.

* * *

ताई, ‘वरताळा’ ऐकलाय का? आमच्याकडे बाजारात बैलाला बैल बदलताना ज्याचा बैल उणा असेल त्यानं वर काहीतरी द्यायचं. पैसे, पेंढीचा भारा, कधी एखादं वासरू. तो वरताळा. काय द्यायचं ते पुष्कळदा तिथल्या तिथे ठरत नाही, “सुगी झाल्यावर बघू” म्हणून हातावर हात मारतात. तुमचा चौथा माणूस म्हणजे मला हाच वाटतो. त्याचं पुढे काय झालं?

* * *

त्याचं नाव ऑक्टोबरात ठरलं. मायकल ब्रँटली, वय २१. तो क्लीव्हलंडकडे २०१८ पर्यंत राहिला. २०१४ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३२७ होती (म्हणजे साधारण तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका) आणि अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या मतदानात तो तिसरा आला. त्या चौघांत खरा खेळाडू निघाला तो हाच.

वरताळा घेतला. आता बाबांना फोन लावते, त्यांनी हा शब्द वापरलाय का ते विचारायला.