जुने लोक काय कमी होते का?
फॉर्म्युला वनबद्दल कुणीतरी 'पूर्वी रेसिंग सरळ होतं, नियम वाकवायची कला हल्लीच्या टीमची' असं लिहिलंय ते काही पटलं नाही. मर्सिडीजच्या २०२० च्या डास स्टिअरिंगला (पुढेमागे ओढलं की पुढच्या चाकांचा कोन बदलणारं) नावं ठेवताय, ठेवा, पण १९८२ चे ब्रॅबम आणि विल्यम्स या टीमचे ब्रेक बघा की. फेरारी-रेनोकडे ताकदवान टर्बो इंजिन, यांच्याकडे कमी ताकदीचं कॉसवर्थ इंजिन, मग यांनी गाडीत चक्क पाण्याची टाकी बसवली, म्हणे ब्रेक थंड करायला! पाणी सुरुवातीच्या लॅपमध्येच फवारून संपायचं, पुढची सगळी रेस गाडी नियमातल्या किमान वजनापेक्षा हलकी पळायची, आणि रेसनंतर ऑइल-कूलंट भरून वजन करायची मुभा होती म्हणून टाकी परत काठोकाठ भरून गाडी काट्यावर. ब्रेक किती थंड व्हायचे देव जाणे.

ब्राझीलच्या रेसला ब्रॅबमचा पिके पहिला, विल्यम्सचा केके रॉसबर्ग दुसरा, मग फेरारी-रेनोची तक्रार, दोघंही बाद आणि तिसरा आलेला रेनोचा प्रोस्ट विजेता. त्यावर रुसून ब्रॅबम-विल्यम्सच्या गटातल्या बहुतेक टीम इटलीतल्या इमोलाच्या रेसला आल्याच नाहीत, १४ गाड्यांवर रेस उरकली. आणि त्या वर्षीचा चॅम्पियन कोण, तर हाच रॉसबर्ग.