एसटीपीत फॉस्फरस उतरेना: पीएसी की फेरिक?

शिफ्टवाला: मंडळी, आमच्या नगरपालिकेचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) एसबीआर पद्धतीचा, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं, गाळ बसू देणं आणि पाणी काढणं. बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला 10 मिग्रॅच्या आत येतो, पण फॉस्फरस 3 मिग्रॅच्या खाली हलत नाही. फॉस्फरस गाळात उतरवायला साहेब म्हणतात पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) टाका, पुरवठादार फेरिक (फेरिक क्लोराइड) गळ्यात मारतोय. काय करू?

जुना केमिस्ट: पुरवठादाराला चहा पाजा आणि आधी जार टेस्ट लावा. सहा बीकर, प्रत्येकात लिटरभर पाणी, डोस चढता. मिनिटभर जोरात ढवळा, मग वीस मिनिटं संथ, मग अर्धा तास हात लावू नका. पुंजके झपाझप तळाला बसले म्हणून खूश होऊ नका. वरचं पाणी गाळून फॉस्फेट मोजा. नितळ पाण्यातही तो तसाच असतो, हा धडा बऱ्याच साहेबांना पचत नाही.

दुसरं, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) बघा. 1 मिग्रॅ तुरटी साधारण अर्धा मिग्रॅ अल्कलिनिटी खाते. फेरिक तर त्याहून खादाड. सामू (pH) घसरला की नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) बसलंच. पीएसी त्या मानाने सोसतं. फेरिक घेतलंच तर टाकी-पाइप एचडीपीईचे (जाड प्लास्टिकचे); स्टेनलेस स्टीलला ते भोकं पाडतं.

शिफ्टवाला: डोस कधी सोडू?

जुना केमिस्ट: टाकीत सोडलेली हवा बंद व्हायच्या थोडं आधी. ढवळणं फुकटात मिळतं.

गाळवाला: सेंट्रिफ्यूजचे (गाळातलं पाणी काढणाऱ्या यंत्राचे) तास आत्ताच वाढवून मागा. रासायनिक गाळ वाढणार, आणि टेंडरमध्ये तो कुणीच धरत नाही.