विषय: नाशिकला भाड्याची फॉर्च्युनर घ्यावी का?

प्रेषक: नाशिकरोडची लेक

मंडळी, नमस्कार.

दिवाळीत माहेरी जातेय. आम्ही चौघं, सासू-सासरे आणि आई, एकूण सात डोकी. शनिवार-रविवार भंडारदरा, सोमवारी पंचवटी असा बेत आहे. सेल्फ-ड्राइव्ह फॉर्च्युनर घ्यायची घाटतेय. इथे अमेरिकेत रोज टाहोसारखी अवाढव्य गाडी हाकतो, तिथे काय अवघड, असं ह्यांचं म्हणणं. कोणाला अनुभव?

प्रेषक: पंचवटीचे काका (सध्या मुक्काम नाशिक)

अगं, वेळेवर विचारलंस. कालच गाडी परत करून आलोय, खांदे अजून दुखतायत.

आधी जावईबापूंचा मुद्दा. आपली टाहो सव्वापाच मीटरहून लांब आणि दोन मीटरच्या वर रुंद. फॉर्च्युनर 4.8 मीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या हिशोबाने मधल्या मापाची गाडी. पण माझ्या जुन्या वाड्याच्या गल्लीत तीच गाडी ट्रक होते. दोन्ही आरसे मिटले, तरी श्वास रोखून बसलो होतो. वरच्या खिडकीतून एक आजोबा शांतपणे सांगत होते, "डावीकडे अजून चार बोटं आहेत, येऊ द्या." आलो. परत निघताना तेच उलटं, रिव्हर्समध्ये. दुसऱ्या दिवसापासून गाडी बहिणीकडे इंदिरानगरला लावली आणि रामकुंडावर रिक्षाने गेलो. त्यात 2027च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. काल मोकळा असलेला रस्ता आज खणलेला असतो.

हायवेला मात्र गाडी राजा. घोटीला मुंबईचा रस्ता सोडून बारी गावाकडे वळलो आणि धुकं इतकं दाटलं की 1646 मीटरचं कळसूबाई शेजारी असून दिसेना. समोरून एसटी आली तेव्हा उंच सीटवरून रस्त्याची कड नीट दिसत होती, त्याचा मोठा आधार वाटला. शेंडी गावाच्या पुढे खड्डे होते, ते तिने गिळले. उताराला ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गिअर हाताने खाली घ्यायचा. गाडी जड आहे, ब्रेक तापतात. डिझेल लिटरला दहा किलोमीटर पडलं.

सवयीचं काय ते वेगळंच. इंडिकेटरची दांडी उजवीकडे. द्वारका चौकात वळायला गेलो आणि कोरड्या काचेवर वायपर नाचू लागले. मागचा रिक्षावाला काय बोलला ते आपल्या ईमेल-यादीवर लिहिण्यासारखं नाही.

सात जणांचं म्हणशील, तर बसतात सातही. पण मग सामान कुठे? तिसरी रांग वापरली की मागे चार पिशव्या जेमतेम मावतात. आणि ती रांग मिटली तरी सीट बाजूंना वर लटकतात, जागा खातातच. विमानातून आणलेल्या 23 किलोच्या बॅगा आईकडेच ठेव. शिवाय तिसऱ्या रांगेत सासऱ्यांना बसवू नकोस, गुडघे छातीला लागतात.

कागदपत्रं: अमेरिकेतल्या लायसन्सबरोबर एएएकडून (तिथली वाहनचालकांची संघटना) गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा. एक वर्ष चालतं. गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत, तीच सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची खूण. कोणी पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अपघात झाला की विम्याचं भांडण गळ्यात पडतं.

आणि गाडी घेताना उजेडात, चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. मी बेसमेंटमध्ये काढला. बंपरवर आधीचाच ओरखडा होता, माझ्या व्हिडिओत तिथे नुसता काळोख. डिपॉझिटमधून पैसे कापले. चूक माझीच, पण अजून पचलेली नाही.

प्रेषक: माजी खजिनदार

काकांशी असहमत. सुट्टीत गाडी चालवायचीच कशाला? इनोव्हा घ्या, ड्रायव्हरसकट. त्याला पार्किंग माहीत, मिसळ कुठली खायची तेही माहीत. जावईबापूही डोंगर बघतील, नाहीतर दोन दिवस नुसता पुढच्या गाडीचा टेलगेट बघत बसतील.

प्रेषक: पंचवटीचे काका

खजिनदारसाहेब, मुद्दा मान्य. पण धुक्यात चहाला हवं तिथे थांबायचं सुख ड्रायव्हर असला की मिळत नाही. त्याला घरी जायची घाई असते. आम्ही बारीला तासभर बसलो होतो.

प्रेषक: नाशिकरोडची लेक

सगळं ह्यांना वाचून दाखवलं. टाहोचा विषय आता निघत नाही. ठरलं असं: भंडारदऱ्याला दोन दिवस फॉर्च्युनर, सासरे मधल्या रांगेत, मुलं मागे, दोघांत मिळून एकच पिशवी. गाडी परत केली की पंचवटीला रिक्षा.

पण काका, हे म्हणतायत एकदा तरी तुमच्या गल्लीत घालून बघतो. त्या आजोबांना निरोप देऊन ठेवा, दिवाळीत पुन्हा बोटं मोजायला लागतील.