सूत्र ठेवलं, पण ते येतं कुठून?

"वर्गसमीकरणाचं सूत्र आहे ना, मग पूर्ण वर्गाची रीत गाळली तर बिघडलं कुठे?" हे मला अजिबात पटत नाही. २०२२-२३ साठी एनसीईआरटीने (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) दहावीच्या गणितातून ती रीत काढली, सूत्र मात्र ठेवलं. अहो, सूत्र निघतं ते त्या रीतीतूनच! रीत अशी: क्ष² + ६क्ष = ७ घ्या. दोन्हीकडे ९, म्हणजे ६ च्या निम्म्याचा वर्ग, मिळवा, झालं (क्ष + ३)² = १६. उत्तरं १ आणि −७. (अ + ब)² चा विस्तार येणाऱ्या मुलाला हे लगेच कळतं. पुढे अकरावीत वर्तुळाचं केंद्र काढताना हेच लागतं. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या पुस्तकात ही रीत आहे. ओझं कमी करायचंच तर एकाच छापाची उदाहरणं कमी करा. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याची दहावीची पुस्तकं लिहिताना हा भाग परत यायलाच हवा.